पात्र

बेकर्सफील्डला नदी आहे, असं नकाशा म्हणतो.
पुलावरून जाताना दिसते ती वाळू,
सुपरमार्केटच्या दोन ट्रॉल्या, एक गादी.
पाणी वरच कुठेतरी वळवलेलं, बदामांच्या बागांकडे.
तरी मराठीत त्या वाळूला पात्र म्हणायची सोय आहे.

मी खिडकी क्रमांक दोन.
बंद पडलेल्या गालिच्यांच्या दुकानावरचा मजला,
संध्याकाळचं लॉ कॉलेज, अर्थसाहाय्य विभाग.
विभाग म्हणजे मी, एक प्रिंटर,
आणि टाकीतला मासा, तो आधीच्या बाईंचा.

गुरुवारी समितीचं पत्र आलं. नऊ पानं.
ग्रंथालयात पुस्तकं कमी,
वकिलीच्या परीक्षेत पास होणारे कमी,
डीनच्या उत्तरात उत्तर कमी.
नवव्या पानावर, शेवटून दुसऱ्या ओळीत
मान्यता गेली.
दूध नासतं तशी. भांडं हललंही नाही.

रोसाल्बा क्विंतेरो, तिसरं वर्ष.
दिवसा कारखान्यात गाजरं पिशव्यांत भरते,
नखांच्या कडा कायम नारिंगी.
तिच्या देखत मी कॉलेजचा कोड टाकला.
पडदा विचारात पडल्यासारखा थांबला
आणि म्हणाला, अपात्र.

"मी?"
तू नाही गं. तुझे मार्क चांगले आहेत,
तुझा कर, तुझी सही, सगळं जागच्या जागी.
नापास ही इमारत झालीये.
"पण दोन वर्षांचं कर्ज इमारतीच्या नावावर नाही,
माझ्या नावावर आहे.
ते तरी मान्य आहे ना त्यांना?"

ते मान्य आहे.

मला सांगायचं होतं
लातूरच्या माझ्या एलएल.बी.बद्दल,
अठरा वर्षं जुन्या पासपोर्टांखाली झोपलीय ती.
तिला इथे कुणी नाकारलंसुद्धा नाही,
विचारलंच नाही.
पण मागे रांग होती. वेंडेल होता,
काठी टेकत आलेले मिस्टर साहाकियान होते,
आणि काचेच्या या बाजूनं
गाऱ्हाणं घालायची रीत नाही.

दुसरं कॉलेज लॉस एंजेलिसला, म्हटलं,
डोंगर ओलांडून दोन तास.
इथले क्रेडिट घ्यायचे की नाही, ती त्यांची मर्जी.
त्यावर ती हसली.
ज्याचं पाळणं देणाऱ्याच्याच मर्जीवर,
ते वचनच नव्हे.
कराराचा कायदा, पान एकशे बारा.
तिला पाठ होतं.

ती गेली. जिन्यातून परत आली.
आता रडेल असं वाटून
मी टिशूचा डबा पुढे सरकवला.
तिनं काचेखालून सरकवलं
पार्किंगचं तिकीट.

खणात एक शिक्का आहे, जांभळ्या शाईचा.
त्याला अजून कुठल्या समितीनं हात लावलेला नाही.
मी तो दोनदा दाबला,
पहिल्यांदा नीट उठला नाही.

दोन तास. मान्य.