नीळ

कुताइसीच्या नाट्यगृहात मी लोकांचे कोट सांभाळते.
आज एकशे बासष्ट कोट, सात छत्र्या
आणि एक काठी; तिला बिल्ला कुठे अडकवायचा, कळेना.

आत मार्ता ख्विंगियांचा सत्कार चाललाय.
तिकिटांचे पैसे डोळ्यांच्या दवाखान्याला,
त्याचं छप्पर मार्चपासून गळतंय.
दार लोटलेलं असलं तरी मला सगळं ऐकू येतं:
तीन आवाजांत गाणारे म्हातारे,
उपमहापौरांचा खोकला,
मग तिबिलिसीहून आलेला समीक्षक.
"बिनचेहऱ्याचा माणूस रंगवायचं धाडस
आपल्याकडे पहिल्यांदा ह्यांनी केलं.
आणि हा निळा! बंद खिडकीतून
दिसलेलं स्वातंत्र्य आहे हा निळा!"

मी बिल्ले ओळीनं लावते.

तो निळा आमच्या मोरीतला.
चित्रकारांच्या संघानं बाईंचं नाव कापलं होतं,
आणि नाव नसलं की रंग मिळत नसत.
त्या खालच्या मजल्यावरून वाटी घेऊन वर आल्या,
आईनं कपड्यांची नीळ दिली, अर्धी पुडी.
महिनाभर आमच्या चादरी पिवळट.
मी नऊ वर्षांची, स्टुलावर बसवलेली.
चित्र पाहून रडले, माझं तोंड कुठंय म्हणून.
"तू हलत होतीस," एवढंच म्हणाल्या.

बोली चौदा हजार लारींवर गेली
तेव्हा भिंत चाचपत त्या एकट्याच बाहेर आल्या.
"काठी."
दिली.
कोट हातात घेऊन गुंड्या मोजल्या, आपलाच ना.
"दवाखानावाले म्हणतायत, ऑपरेशन फुकट करू."
"मग करून घ्या की."
"आणि पुन्हा ते सगळं बघत बसू? हात चालतोय अजून."

मग मी सांगितलं, मी कोण.
स्टूल. वाटी. अर्धी पुडी.
त्या काही बोलल्या नाहीत.
आत टाळ्या पडल्या, विकलं गेलं असावं.
त्यांनी अंगठा माझ्या कपाळाला लावला,
नाकावरून हनुवटीपर्यंत आणला
ओला रंग ओढत आणावा तसा,
तिथं जरा थांबल्या.

"अजून हलतेसच," म्हणाल्या.

आणि दार उघडलं,
एकशे एकसष्ट माणसं
एकदमच कोट मागायला आली.