शालीकच्या वहीत

पहाटे पावणेपाच. आमच्या घरात आधी सुई टचकते,
मग कोंबडा.
अनामिकेच्या कडेला, मधोमध नाही, मधे दुखतं.
थेंब येतो. पट्टी तो चाटून घेते.
यंत्र उलटं मोजतं, पाच, चार, तीन,
तोवर बाबा विडी हातात धरून थांबतो, पेटवत नाही.
एकशे एकतीस.
"बरं हाये," म्हणतो,
फळ तळहातावर तोलून म्हणावं तसं.

दिवसभर तो वरूडच्या शेडवर संत्री मोजतो.
एका मुठीत तीन, दुसरीत दोन,
पाचाचा एक हात, वीस हातांचा शेकडा,
शेकड्यामागे एक फळ बाजूला, खुणेचं.
वहीत पुढून व्यापाऱ्याचा माल चढतो
आणि मागच्या पानापासून, उलटी, माझी साखर.
मधे कुठंतरी माल आणि मी भेटलो
की नवी वही.

इन्सुलिन दोन मडक्यांत. म्हणजे मडक्यात मडकं,
मधे ओली रेती, वर गोणपाट.
मे महिन्यात लाइन गेली की गेली,
रेतीवर पाणी शिंपायचं काम आजवर कोणी चुकवलं नाही,
धाकट्या निकेशनंसुद्धा.
ढोके आशाताई सांगून गेल्या,
पळायच्या दिवशी मांडीत टोचू नको व माय,
मांडी पळते तं औषधबी पळते.
मी पोटात टोचते. दोन युनिट कमी.

"साखरेची बिमारी? येवढ्याशा पोरीले? काहून, लय पेढे खाल्ले का?"
पिठाच्या चक्कीवर हे मला किती जणांनी विचारलं
त्याची नोंद वहीत नाही.

कालव्याची पाळ. उजवीकडे आंबिया बहाराचा वास,
डावीकडे तुरीच्या तुराट्या, कापून उभ्या.
मागं बाबाची सायकल, चेनची एक कडी कुरकुरते,
त्या कुरकुरीवर मी पाय टाकते.
त्याच्या खिशात संत्रागोळ्या.
संत्र्याच्या गावात
ह्या मात्र विकत घ्याव्या लागतात,
किराणावाला प्रत्येक वेळी हसतो.

तालुक्याच्या दहा किलोमीटरला माझा नंबर एकशे आठ.
बाबा म्हणाला, "नंबर चांगला आला," आणि वहीत लिहिला,
साखर समजून की काय, कोण जाणे.
सहापर्यंत मी चौथी होते.
मग ओठांच्या कडेला मुंग्या.
घाम पळण्याचा नव्हता, दुसराच, गार.
पुढं किलोमीटरचा दगड दिसत होता
आणि त्यावरचा आकडा मला वाचता येईना.
सातच असणार. मी सातच धरून चालले,
पण दगडावर काहीतरी हलत होतं.

पुलाच्या कठड्यावर बसले.
पाचवी गेली. सहावीनं मागं वळून पाहिलं.
अठ्ठावन्न.
बाबानं मूठ उघडली. "एक हात."
पाच गोळ्या, कडाकडा, चोखायला वेळ कुणाला.
जीभ भगवी झाली असणार.

पंधरा मिनिटं.
पंधरा मिनिटं फार मोठी असतात हो.
पट्ट्या लावलेले नंबर एकामागून एक गेले,
शाळेतला एक पोरगा तर चप्पल घालून गेला.
मला रडू येत होतं, ते साखरेमुळं की कशामुळं
हे यंत्र सांगत नाही.
बाबा काही बोलला नाही. चेनची कडी बघत बसला.

चौऱ्याण्णव.
"वरून दोन बिस्किटं खाय."
"आता जाऊ?"
"मले काय पुसते? पाय तुहे हायेत."

एकेचाळीसावी आले.
माइकवर नाव घेतलं तेव्हा मंडपवाले
खुर्च्या एकात एक घालत होते,
"आश्लेषा शालीक काळबांडे" त्या खडखडाटात गेलं.
बाबानं घरी येऊन वेळ लिहिली,
एक तास एकोणीस मिनिटं,
खाली एक रेघ मारली,
रेघेखाली पंधरा लिहून गोल केला.
शेकड्यामागचं बाजूचं फळ.

पळाल्याच्या रात्री साखर चोरपावलानं उतरते.
दोन वाजता तो उठतो. दिवा लावत नाही, टॉर्च तोंडात धरतो.
पट्टी महाग आहे, तरी.
मी जागी होत नाही म्हणे.
झोपेतच हात चादरीबाहेर काढते
आणि बरोबर तेच बोट पुढं करते.