सव्वाआठ

नुन्झियाता हातमोजे शिवते, नेपल्सच्या
सानिता वस्तीत, एका तळघरात.
दर नाताळात स्वतःचा पंजा कागदावर टेकवून
भोवती पेन्सिल फिरवायची सवय.
साडेसहा. सात.
पावणेआठला तिनं पेन्सिललाच दोष दिला.

सव्वाआठला अंगठी साबणानंही निघेना,
सोनारानं कापली.
साखर तीनशेवर. सगळे म्हणाले, वय झालं,
आणि पाव कमी खा.

दातांतल्या फटी बघून
दंतवैद्यानं मात्र जुना फोटो मागितला.

नाकातून आत शिरले ते.
मेंदूच्या तळाशी हरभऱ्याएवढी गाठ,
पन्नाशीच्या बाईला
वाढतं पोर समजून बसलेली.

शिंकायचं नाही, म्हणाले. वाकायचं नाही.
रात्रभर ती लघवी मोजत राहिली मापानं,
कातडं मोजावं तशी, न चुकता.

साखर पंधरवड्यात उतरली. घाम थांबला.
बोटांची सूज ओसरली, हाडं मात्र
आली होती तिथंच राहिली.

यंदाचा कागद: आठ.
जुन्या रेषेच्या आत नवी रेष,
मध्ये जेमतेम दोऱ्याएवढी जागा.
त्या जागेकडे ती बराच वेळ बघत होती.
मग कात्री उचलून
पहिल्यांदाच
स्वतःसाठी एक जोड बेतला.