कापसाचे ठिपके

निळ्या चादरीत, काठापासून चौथं फूल,
एक पाकळी मधेच पुसलेली.
पहिला संशय मशीनवर.
माग थांबवला, जेकार्डची माळ उतरवली,
पुठ्ठा न् पुठ्ठा उजेडाला धरून भोकं मोजली.
सगळी जागच्या जागी.
शेजारच्या मागावरून मल्लिनाथ ओरडला,
"इरेशाम अण्णा, फूल तर अख्खं हाय की!"

मग चष्म्याचा नंबर बदलायला गेलो.
बाईंनी थेंब घातले,
एप्रिलची दुपार खिडकीतून पांढरी पांढरी होत गेली,
अक्कलकोट रोड सगळा वितळला.
बाई बराच वेळ आत बघत राहिल्या.
नंबर लिहिलाच नाही.
दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला,
आणि आकडा दोनदा वाचला. दोनशे दहा.
"कधीपासून?"

सहा वर्षांपूर्वी कारखान्यात शिबिर होतं.
गोळ्या दिल्या होत्या, एक पट्टी संपवली,
बरं वाटलं, सोडून दिल्या.
जे दुखत नाही त्याला औषध कसलं,
असं मीच चार जणांना सांगत होतो
चहाच्या गाड्यावर.

पडद्यावर माझा डोळा.
पिकल्या पपईच्या गरासारखा, त्यात शिरा.
मी आयुष्यभर धागेच बघितलेत, म्हणून लगेच दिसलं:
तांबडा जिथे काळपटावरून जातो
तिथे खालचा दबलाय, चिमटा बसल्यासारखा.
म्हटलं, "बाई, ताण्याला ताण जास्त झालाय."
त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, "बरोबर."

"आणि हे पांढरे,
यांना आम्ही कापसाचे ठिपके म्हणतो."

कापूस!
बत्तीस वर्षं जो भुवयांवर बसला, नाकात गेला,
डब्यातल्या कडक भाकरीवर पिठासारखा पसरला,
तो इथवर पोचला?
"तो कापूस नव्हे.
रक्त नीट न पोचल्यामुळे सुजलेली जागा आहे ती."
आणि मग हळू आवाजात,
"डोळ्यात निदान डोकावता येतं.
किडनीत असंच काही चाललं असेल तर कळायचं नाही.
लघवीला फेस येतो का?"

येत होता.
मला वाटायचं, सगळ्यांनाच येतो.

दुसऱ्या डॉक्टरांनी कागदावर चाळण काढली.
मला चाळण नको होती, मला पुठ्ठा कळतो.
भोक फाटलं की नको तो धागा वर उठतो
आणि वाराभर नक्षी बिघडते.
विचारलं, "फाटलेला चिकटवून चालतो का?"
"चालत नाही," ते म्हणाले,
"पण उरलेले फाटू द्यायचे नाहीत.
त्यासाठी गोळी रोज. दुखो न दुखो."

राजव्वा दारात विड्यांच्या जुड्या बांधत होती.
मीठ कमी, एवढंच सांगितलं.
रात्री उखळात शेंगदाणे कुटले, तिखट कुटलं,
मिठाच्या डब्याकडे हात गेला, थांबला,
परत आला.
दोन वाट्या करणं सोपं होतं.
तिने एकच केली.
"कशी झालीय?"
"पुठ्ठ्यासारखी."
तोंडात पदर कोंबून हसली,
मग तशीच, खोकल्यासारखं काहीतरी करत,
पाठ फिरवून भांडी घासायला बसली.
नळाला पाणी यायला अजून दोन दिवस होते,
घासायला फारसं काही नव्हतंही.

आता पाळीवर जाताना खिशात एक गोळी.
चौथ्या फुलाशी माग थांबतो माझा, सवयीने.
पाकळी कधी असते, कधी नसते.
बोट फिरवून बघतो.
बोटाला असते.

मल्लिनाथला रोज सांगतो, चल, दंड मोजून घे.
धोट्यांच्या खडखडाटात तो कानाला हात लावतो,
मी पुन्हा ओरडतो,
तो पुन्हा तेच ओरडतो,
"मला कुठं काय दुखतंय, अण्णा!"