दीड मूठ

हलगेकर बाई दुपारीच सबस्टेशनवर आल्या.
म्हणाल्या, कल्लाप्पा, अर्धा तास अंधार पाहिजे.
पंचवीस वर्षं लायनमन आहे मी.
अंधार मागायला कुणी आलं नव्हतं.

माघातली रात्र, अवस उद्यावर.
गर्लगुंजीच्या खळ्यावर घोंगडी पसरून
एकोणीस पोरं उताणी.
मी टीसीचा फ्यूज ओढला.

आधी घराघरांतून शिव्या आल्या.
मग कुत्री गप्प झाली.
मग वरचं सगळं एकदम खाली आलं.
गिरणीवाली बसव्वा दारात येऊन म्हणाली,
एष्टु चुक्की!
मसणू म्हणाला, आजी, तू चुक्क्या मोज,
मी चांदण्या मोजतो.

बाईंच्या बॅटरीला लाल कागद बांधलेला.
हे मृगाचं पोट, आत बाण रुतलाय, तीन ठिपके ओळीत.
मारणारा तो व्याध,
बघा कसा लकाकतोय, लाज नाही मेल्याला.
ईशान्येला म्हातारीची खाट उभी राहत होती,
चार खूर तेवढे वर आलेले.
ती पळवायला टपलेले तीन चोर
अजून फणसाआड.
दिवे गेले की चोर यायचेच, रेणुका म्हणाली
आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

खाटेच्या वरच्या दोन खुरांवरून
डावीकडे रेघ न्या, न्या, अजून न्या.
ध्रुव.
मला वाटलं होतं मोठा असेल.
उत्तरेला बेळगावच्या उजेडाची साय,
तिच्या जरासा वर
व्होल्टेज पडल्यासारखा मिणमिणत होता.

हात ताठ करा, मूठ धरा, बाई म्हणाल्या.
जमिनीपासून एक मूठ, तिच्यावर अर्धी.
काश्मीरच्या पोराला साडेतीन भरतील,
आपल्याला दीड.
बाई, पण आमच्या मुठी लहान!
हातपण लहान आहेत ना तुमचे?
सगळे आपापले हात बघत बसले.

गावाच्या पाटीवरची अक्षरं
माझ्या नोकरीत तीनदा बदलली,
डांबर फासलं, खरवडलं, परत रंगवलं,
शिडी दर वेळी माझीच नेली.
मीही मूठ धरली.
दीड.

तिथून उजेड निघाला त्याला
चारशेवर वर्षं झाली, बाई सांगत होत्या.
एवढी लांब लाइन
आणि मधे एक खांब नाही.

अर्धा तास कधीच सरला होता.
खिशात फोन थरथरत होता, फ्यूजच्या शेजारी.
उचलला नाही.
तीन चोर अजून यायचे होते.