छाट

पेपरात माझं आडनाव चुकलं होतं, राजमणी.
'वंगारी'चं 'भंगारी' छापलं त्यांनी,
आणि फोटोत चेंडूच नव्हता, नुसता वर गेलेला हात.
तरी तुझ्या वडिलांनी तो तुकडा
मार्कंडेयाच्या तसबिरीमागं खोचला
आणि स्थळ पक्कं केलं,
बेसबॉल म्हणजे काय ते न विचारता.

मला तरी कुठं ठाऊक होतं आधी?
कारखान्यात बाप ओरडायचा, कांडी!
आणि मी चार माग ओलांडून
भरलेली कांडी फेकायचो थेट त्याच्या पंजात.
पी.टी.च्या सरांनी तेवढंच पाहिलं.
लाल टाक्यांचा चेंडू हातात देऊन म्हणाले,
वंगारी, ही पण कांडीच समज.

मग नांदेड, जळगाव, एकदा पार चंदीगड.
परत आलो तेव्हा अशोक चौकात पोरांनी बँजो लावलेला.
रेल्वेत नोकरी लागेल म्हणाले होते.
म्हणाले होते.

मग जालन्याच्या मैदानावर तो पोरगा.
मी आत टाकला, तो चुकीच्या बाजूला वाकला.
जबडा.
बरा झाला तो, लग्नाची पत्रिकाही आली त्याची.
माझाच हात तिथं राहिला.
त्यानंतर चेंडू बोटांतून सुटेचना,
सुटला तर पंचाच्या डोक्यावरून.
आता पोरं मुद्दाम म्हणायची, भंगारी आला रे.

रात्रपाळीला टॉवेलचा माग,
सकाळी शिंदीचं दुकान, मग झोप.
तू सूप मांडीवर घेऊन पाला कापायचीस,
जर्दा, दोऱ्याचे दोन वेढे, पुढची.
हजार विड्या. त्यातल्या दीडशे
ऑफिसातला चेकर चाचपून बाजूला टाकायचा, छाट.
त्यांची मजुरी नाही, पाला-तंबाखू तुझ्याच अंगावर.
दुसऱ्या दिवशी तू पुन्हा हजार वळायला बसायचीस.
हे मी सहा वर्षं पाहिलं
आणि मला काही कळलं नाही.

एप्रिल होता. लाइट गेलेली.
ओली पोती अंथरून सगळी आळी गच्च्यांवर.
तू ट्रंकेतून माझा ग्लोव्ह काढलास,
उलट्या हातात घातलास,
टाकीला टेकून उकिडवी बसलीस.
टाक.
मी म्हणालो, लागेल.
पर्वालेदु, म्हणालीस. टाक.

पहिला टाकीवर. दुसरा हणमंतूच्या खाटेवर,
त्यानं झोपेतच तेलुगूत माझ्या सात पिढ्या उद्धरल्या.
तू उठायचीस, चेंडू शोधून आणायचीस
आणि म्हणायचीस,
छाट. पुढचा.

पंधराएक रात्रींनी तुझा अंगठा सुजला.
त्या आठवड्यात कार्डावर विड्या कमी भरल्या.
तू सांगितलं नाहीस, कार्ड मी पाहिलं.
त्या दिवसापासून दुकानाची पायरी चढलो नाही
असं सांगायला बरं वाटतं.
चढलो होतो. एक ग्लास. मग उठलो.

जानेवारीत, गड्ड्याच्या दिवसांत, पार्कवर सामना.
एक गडी कमी पडला म्हणून मला घेतलं.
शेवटचा डाव, समोर डावखुरा,
नुकती मिसरूड फुटलेला.
कॅचरनं ग्लोव्ह आतल्या बाजूला धरला.
माझे कान वाजायला लागले.
पलीकडं गड्ड्यातला मोठा पाळणा
माणसं घेऊन वरच थांबलेला.

टाकला.
जबड्यापासून वीतभर. पोरगा हलला नाही.
ग्लोव्हमध्ये आवाज झाला,
धोटा पेटीत जाऊन बसतो तसा.

हरलो आम्ही, पाच-चार.
पेपरात काही आलं नाही.

घरी आलो तर तू सुपासमोर.
मान वर न करता विचारलंस, किती टाकले?
एकसष्ट.
छाट?
बावीस.
आमच्या चेकरनं कार्डच काढून घेतलं असतं, म्हणालीस,
आणि थोडी सरकलीस.
उद्याचा पाला भिजवायचा राहिला होता.
मी बादली आणायला उठलो.