डबल बेल

सहाच्या गाडीतून कातरखटावला उतरलो
आणि डांबरी सोडून बांधाने निघालो.
मालन आत्याच्या गळ्यात माझी दुर्बीण,
बगलेत तीच चामडी बॅग,
पट्टा दोनदा शिवलेला.
तिकिटांच्या जागी आता शेंगा, पाण्याची बाटली
आणि एक शंभरपानी वही.

दसरा होऊन आठ दिवस झालेले.
अर्धी बाजरी आडवी, अर्धी उभी,
शाळू नुकता वीतभर.
गवत ओलं, ढेकळं मात्र
वरून सुकत चाललेली.

तारेवर नीलकंठ.
"ह्यो हितलाच. पासवाला."
पाटाच्या कडेला दोन धोबी, शेपटी नाचवत.
"ही लांबनं आल्यात. फुल तिकीट."
बाभळीवर खाटीक बसलेला,
शेजारच्या काट्यावर टोचलेला नाकतोडा.
त्याला ती बराच वेळ वहीत घेईना.
मग घेतला. "सामान जादा."

मी हसलो. ती नाही.
"अठरा वर्सं खिडकीतनं बघितली रं ही.
दिसलं म्हणूस्तवर मागं जायची.
नाव इचारावं तर डायवर म्हणायचा,
बाई, चिल्लर मोजा."

मग भोरड्या आल्या.
आधी आवाज, मग सावली,
मग दादासो घार्ग्यांच्या उभ्या बाजरीवर
अख्खं आभाळ गुलाबी-काळं उतरलं.
आत्या पेरांवर मोजू लागली,
वीस, चाळीस, दोनशे,
अंगठा पुन्हा पहिल्या पेरावर,
ओठ हलताहेत, आकडा नाही.

घार्गे माळ्यावर उठून उभे राहिले.
तेलाचा रिकामा डबा, हातात काठी,
ठण्, ठण्.

थवा एकदम सुटला.
आणि आत्याचा हात आपसूक वर गेला
डोक्यावरच्या दोरीकडे,
जी तिथे नव्हती.
क्षणभर तसाच राहिला.
मग तिने पदर सारखा केला,
जणू त्यासाठीच उचलला होता.

वहीत लिहिलं : भोरड्या. फुल.
उभ्यानं किती, कळलं नाही.

परतताना नांगरटीत
मातीच्याच रंगाचं काहीतरी तुरुतुरु पळालं.
चंडोल असेल, मी म्हणालो, नाहीतर तीरचिमणी.
पुस्तक चाळलं. आत्याने दुर्बीण फिरवली,
पुन्हा फिरवली.
ते ढेकळाआड बसून राहिलं.

दहाची गाडी लांब वळणावर दिसत होती.
मी म्हटलं, चल, चुकेल.
ती उकिडवी बसली, वही गुडघ्यावर :
"एक. नाव सांगितलं नाही.
बसू दिलं."